उखळाची साक्ष

“मग आता शंका घ्यायला राहिलं तरी कोण, चाचा?”

वैजयंती पोतदारने हा प्रश्न उभ्याउभ्याच विचारला. चाचांनी पायाने पुढे सरकवलेला पाट तिने पाहिला होता. ती बसली नाही.

दस्तगीरचाचांनी नुसती नकारार्थी मान हलवली. लाकडी परातीसारख्या काथवटीत भिजत घातलेला केर ते दोन्ही हातांनी सावकाश फिरवत होते.

चाचा झारेकरी. कोल्हापूरच्या गुजरीतल्या सोनारांच्या दुकानांतला केर, गटारातला गाळ, सोने आटवायच्या फुटक्या मुशी असे सगळे विकत घ्यायचे. कुटायचे, धुवायचे आणि त्यातून सोन्याचे कण वेगळे काढायचे, हा त्यांचा पिढीजात धंदा. गल्ली ज्याला कचरा म्हणून झाडून टाकी, त्यावर त्यांच्या चार पिढ्या जेवल्या होत्या.

वैजयंती ही त्यांची शिष्या. रसायनशास्त्रात एम.एस्सी. होऊन ती गुजरीत परतली आणि टंच काढायची, म्हणजे सोन्याची शुद्धता तपासून देण्याची, खोली तिने थाटली. पण त्याआधी तीन वर्षे ती रोज सकाळी या अंगणात येऊन केर धुवायला शिकली होती. पोतदारांची लेक झारेकऱ्याच्या काथवटीपाशी बसते म्हणून तेव्हा सराफकट्टा हसला होता. आता तिच्या सहीची चिठ्ठी असली की तोच सराफकट्टा दागिना दुसऱ्यांदा घासून पाहत नसे.

“सांगा ना. कोण राहिलं?”

“पहिल्यापासून सांग,” चाचा म्हणाले. “मी चार महिने मिरजेला लेकीकडे होतो. गल्लीत काय उकळतंय, मला कळलेलं नाही.”

तिने सांगितले.

गुजरीतल्या एकतीस कारागिरांची एक भिशी होती. यंदा कुणीच आपली पाळी उचलायची नाही, सगळी भिशी एकत्र गुंतवायची, असा विचार निघाला होता. कासवडोंगर नावाची एक खाणकंपनी राज्याच्या सीमेपलीकडच्या एका टेकडीत सोने आहे म्हणत होती. खोदकाम सुरू व्हायचे होते. बाजारात शेअर यायचे होते. त्याआधी जो घेईल त्याला निम्म्या भावात.

तीन महिने तालमीच्या ओट्यावर रोज संध्याकाळी वाद रंगला. जडावकाम करणारा जनार्दन वेदपाठक कंपनीच्या बाजूने. आयुष्यभर दुसऱ्याच्या सोन्यात खडे बसवले, एकदा तरी स्वतःचा डोंगर असू दे, असे तो म्हणे, आणि ते ऐकताना चांगल्या चांगल्यांचा चहा निवत असे. विरुद्ध बाजूला बहुधा एकटी वैजयंती. नकाशा कुणी काढला, नमुना कुणी उचलला, तपासणी कुणी केली आणि त्याचे पैसे कुणी दिले, हे चार प्रश्न ती रोज विचारी. तिचे नाव शंकासुर पडले. ती ओट्यावर आली की लोक म्हणत, सरका, शंकासुराला जागा द्या.

“मग?” चाचा म्हणाले.

“मग मी कंपनीचा अहवाल बाजूला ठेवला. त्यांनी पाठवलेला नमुनाही परत केला. मी स्वतः गेले.”

ती खरोखरच गेली होती. एस.टी.ने, मग जीपने, मग पायी. टेकडीवर कंपनीचा माणूस जागा दाखवू लागला, तेव्हा तिने त्याला थांबवून भलत्याच ठिकाणी घण घातला. दगड स्वतः फोडला, स्वतः पिशवीत भरला, लाखेची मोहोर केली आणि येताना रात्रभर ती पिशवी मांडीवरून खाली ठेवली नाही.

“खोलीत कुटला नाही. माझ्या खोलीत कानशीचा चुरा उडतो. दगडावर एक कण बसला तरी हिशोब फसला. म्हणून इथे कुटला. तुमच्या उखळात.”

अंगणाच्या कोपऱ्यात ते लोखंडी उखळ अर्धे जमिनीत पुरलेले होते. चाचांच्या आजोबांनी ते एका मोडीत निघालेल्या कारखान्यातून आणले होते. आतून काळे, गुळगुळीत, तोंडाशी थोडे झिजलेले.

“त्यात मुशी कुटतो मी,” चाचा म्हणाले.

“माहीत आहे. म्हणून आधी सात वेळा धुतलं. तुम्ही शिकवलं तसं. सातव्या धुण्याचं पाणी आटवलं, खाली राहिलेला साका शिशाबरोबर मुशीत घातला. काही निघालं नाही. उखळ स्वच्छ होतं, हे मी आधी सिद्ध केलं, आणि मगच दगड घातला.”

“आणि दगडात?”

तिने पदराच्या गाठीतून काचेची बारीक कुपी काढली. तळाशी मोहरीच्या अर्ध्या दाण्याएवढा एक पिवळा मणी होता.

चाचांनी हात पुसले, कुपी घेतली, उन्हात धरली. भिंग लावले नाही.

“सोनं आहे,” ते म्हणाले.

“आहे.” तिच्या आवाजात तीन महिन्यांचा शंकासुर ताठ उभा होता. “मी कुणाचाही शब्द घेतला नाही. कंपनीचा नाही, जनूभाऊंचा नाही, कागदाचा नाही. आणि तरी सोनं निघालं. तेव्हा काल मी चिठ्ठी लिहून दिली. आज पाच वाजता तालमीत सगळे जमतील, कंपनीचा माणूस येईल, व्यवहार होईल. तुमचा आशीर्वाद घ्यायला आले होते. आणि तुम्ही मान हलवताय.”

चाचा अजूनही मान हलवत होते.

“वैजू, सगळ्यांवर शंका घेतलीस तू… एकाला सोडून.”

“तेच तर विचारतेय. कुणाला?”

…

चाचा उठले. अंगणाच्या दाराबाहेर रस्त्याच्या कामासाठी खडीचा ढीग पडला होता. ते त्या ढिगापाशी गेले, वाकले, काळ्या खडीची ओंजळ भरून आणली आणि तिच्यासमोर धरली.

“हे कूट.”

वैजयंती हसली. हसू फारसे आदराचे नव्हते.

“ही खडी आहे, चाचा. साधा काळा दगड. त्यात सोनं असतं तर आख्खा सह्याद्री विकला गेला असता.”

“म्हणूनच म्हणतो, कूट.”

“वेळ जाईल.”

“पाचला जमणार आहेत ना? आत्ता दहा वाजलेत.”

तिला राग आला. हा राग नवा नव्हता. शिकताना तो रोज यायचा. चाचा कारण सांगत नसत. विद्यापीठात पायरी पायरीने बोलणाऱ्या माणसांची तिला सवय झाली होती, आणि इथे एक माणूस ओंजळभर खडी पुढे करून गप्प उभा राहत असे.

पण तिने खडी घेतली. नुसती घेतली नाही. आधी उखळ पुन्हा सात वेळा धुतले, सातवे पाणी पुन्हा आटवले, साका पुन्हा तपासला. काही नव्हते. ती रिकामी राखेची वाटी तिने मुद्दाम चाचांच्या पाटाजवळ ठेवली.

मग बत्ता उचलला.

काळा दगड चिवट. पहिल्या घावांना तो नुसता उडत होता. तासाभराने त्याचा रवा झाला, आणखी तासाने पीठ. बत्त्याच्या आवाजाने शेजारच्या गच्चीवरची कबुतरे दोनदा उठून पुन्हा बसली. वैजयंतीचे मनगट भरून आले, पण चाचा मदतीला उठले नाहीत आणि तिने मागितलीही नाही.

पीठ धुतले. तळाचा जड, काळा गाळ शिशाबरोबर मुशीत आटवला. शिसे राखेच्या वाटीत ठेवून वाटी भट्टीत सरकवली. आता शिसे राखेत जिरून जायचे होते. मागे उरेल ते सोने, आणि काहीच न उरले तर शिष्येची फत्ते.

याच वेळी जनार्दन वेदपाठक दारात आला.

“नमस्कार, चाचा. आलासा मिरजेहून? बरं झालं. तुमचंबी नाव घालू काय बत्तिसावं?” मग त्याला वैजयंती दिसली, केसांत दगडाचे पीठ, हात कोपरापर्यंत काळे. “आणि ताई, ह्ये काय? आता काय कुटालाय?”

“रस्त्याची खडी,” ती म्हणाली.

जनार्दन मनापासून हसला. शंकासुराला आता खडीवरबी संशय, असे काहीसे तो म्हणाला, आणि चिठ्ठीचे कौतुक सांगू लागला. चिठ्ठीचा फोटो एकतीस मोबाइलांवर पोचला होता. पॉलिशकाम करणाऱ्या अंबूबाई मेढेंना वाचता येत नाही. त्यांनी सही तेवढी बोटाने मोठी करून पाहिली होती. वैजूताईंच्या सहीची शेपूट मला अंधारातबी ओळखू येते, असे म्हणून त्यांनी डोळ्याच्या ऑपरेशनसाठी ठेवलेले पैसेही त्यात घातले होते.

वैजयंती भट्टीकडे वळली. तिने चिमट्याने वाटी बाहेर काढली, फरशीवर ठेवली आणि ती निवेपर्यंत तिच्याकडे पाहत राहिली.

वाटीच्या तळाशी एक पिवळा मणी होता.

कासवडोंगराच्या मण्यापेक्षा थोडा लहान. थोडाच.

…

तिने भिंग लावले. मग काढले. मग पुन्हा लावले.

“सोनंच की,” जनार्दन तिच्या खांद्यावरून वाकून म्हणाला. “खडीत?”

त्याने मणी पाहिला, दाराबाहेरचा ढीग पाहिला, आणि त्याच्या चेहऱ्यावरचे हसू कुठे जावे ते न कळून तिथेच थांबले.

“मी धुतलं होतं,” वैजयंती म्हणाली. आवाज तिचा होता, पण ती तो स्वतःलाच ऐकवत होती. “दोन्ही वेळा धुतलं होतं. पाण्यात काही नव्हतं.”

“तू पाण्यानं विचारलंस,” चाचा म्हणाले. “पाण्याला ते कशाला सांगेल?”

ती उठली. उखळापाशी गेली, गुडघ्यांवर बसली आणि आत हात घातला. गुळगुळीत वाटणाऱ्या लोखंडावरून तिने बोटाचे टोक फिरवले. नखाला सुईच्या टोकाएवढा एक खड्डा लागला. मग दुसरा. मग ते मोजण्याच्या पलीकडे गेले. तीन पिढ्यांच्या मुशींचे सोने त्या खड्ड्यांत ठोकून बसले होते. पाणी त्यावरून सात वेळा गेले असते, सत्तर वेळा गेले असते. दगड लोखंडाला घासला, तेव्हाच ते सुटले.

केर कुटताना याने काही बिघडत नसे. त्यात सोने असणारच, आणि थोडे इकडचे तिकडे आले तरी ते चाचांचेच. या अंगणात कुणीही, कधीही, सोने नसलेली वस्तू कुटली नव्हती. अशी वस्तू इथे आणणारी ती पहिली.

“म्हणजे तुमच्यावर,” ती मागे न वळता म्हणाली. “शंका घ्यायची राहिली ती तुमच्यावर.”

तिने हात उखळातून बाहेर काढला.

“कंपनीच्या उखळात मी दगड घातला असता तर आधी खडी कुटली असती. विद्यापीठात सोनं नसलेल्या वस्तूची कोरी चाचणी घेतल्याशिवाय मी आकडा लिहीत नसे. इथे नुसतं पाणी पुरेसं वाटलं, कारण धुणं तुम्ही शिकवलेलं होतं. उखळ तुमचं होतं.”

…

जनार्दनाने घसा खाकरला. तो मूर्ख माणूस नव्हता. खड्याच्या घरात एका केसाचे अंतर त्याला दिसत असे, आणि इथले अंतर त्याला दिसले होते.

“थांबा, ताई. एक सांगा. ह्यानं काय सिद्ध झालं? कासवडोंगरात सोनं नाही म्हणून?”

“नाही,” ती म्हणाली. “तसं सिद्ध झालं नाही.”

“मग! तुमच्या दगडात उखळाचं थोडं असंल, डोंगराचंबी असंल. मणी मोठा होता की ह्याच्यापेक्षा.”

“असेल. नसेलही. मला माहीत नाही.”

“चाचा, तुम्ही सांगा. सोनं हाय का नाही त्या डोंगरात?”

“मी त्या डोंगराला बघितलेलंपण नाही,” चाचा म्हणाले. “मला काय विचारतोस?”

“मग चिठ्ठी खोटी कशी?”

वैजयंती उखळापासून उठली. पीठ झटकले नाही.

“चिठ्ठी खोटी नाही, जनूभाऊ. चिठ्ठी खरी आहे. पण ती या उखळाची आहे. डोंगराची नाही.”

जनार्दनाच्या आवाजातला गोडवा गेला. तीन महिने तुम्ही आम्हाला नाही नाही म्हणालात, तो म्हणाला. आम्ही ऐकून घेतलं. काल तुम्हीच हो म्हणालात, तेव्हा अंबूबाईंनी देवापुढं साखर ठेवली. आता पुन्हा नाही. माणसानं एकदा सही केली की पाठ फिरवू नये, सोनाराच्या घरात तरी नये.

“नाही म्हणत नाही. माहीत नाही म्हणते.”

“त्ये तर आणखी वाईट. नाही म्हणणाऱ्याशी भांडता येतं.” त्याने चप्पल पायात सरकवली. “ह्ये मी तिथं सांगणार नाही. मला ऐकायलाच येणार नाहीत लोक. तुम्हाला सांगायचं असंल तर पाचला या आणि एकतीस जणांपुढं, कंपनीच्या माणसापुढं, आपल्या तोंडानं सांगा. रस्त्याच्या खडीत सोनं निघालं, म्हणून माझी सही मागं घेते म्हणावं.”

“तेच शब्द वापरते.”

“हसतील.”

“हसू देत.”

“पुन्हा कुणी तुमच्याकडं टंच काढायला येणार नाही.”

हा घाव बसला होता. अठरा वर्षे लावून उभी केलेली खोली, त्यातला तराजू, भट्टी, भिंतीवर चौकटीत लावलेली पदवी… ते सगळे तिच्या डोळ्यांपुढून गेले.

“येऊ नयेत,” ती म्हणाली. “ज्या बाईनं एकदा उखळ न तपासता सही केली, तिच्याकडे त्यांनी येऊच नये. अंबूबाईंनी तर नाहीच. पण आज पाच वाजता मी दारात उभी असेन, आणि मला बोलू दिल्याशिवाय एकालाही सही करू देणार नाही. ढकलून आत जावं लागेल.”

जनार्दन गेला. जाताना त्याने दाराबाहेरच्या ढिगातला एक खडा उचलून नीट पाहिला, आणि कुणी बघत नाही असे वाटून खिशात टाकला.

…

अंगणात भट्टीची धग कमी होत होती. साडेचार वाजले होते.

वैजयंती चाचांसमोर येऊन उभी राहिली. सकाळी जिथे उभी होती तिथेच.

“तुम्हाला ठाऊक होतं. उखळात सोनं आहे हे.”

“बाप म्हणायचा. मी चाळीस वर्षं धुतलं, कधी हाताला लागलं नाही.” चाचांनी दोन्ही मणी तळहातावर घेतले, डोंगराचा आणि खडीचा. “तू दोन दगडांत काढलंस.”

“थट्टा नको. तीन वर्षं शिकवलंत. तेव्हा एकदाही का सांगितलं नाहीत?”

“सांगितलं असतं तर ऐकलं असतंस.”

“मग?”

“ऐकूनच तर सही केलीस काल.”

ती उत्तर देणार होती. तिच्याजवळ उत्तरे नेहमीच असत. पण या वेळी तोंडापर्यंत आलेले उत्तर तिने नीट पाहिले, त्यात चाचांचीच शिकवण दिसली, आणि तिने ते तसेच परत ठेवले.

“यापुढे मी तुमचं काहीही तपासल्याशिवाय घेणार नाही,” ती म्हणाली. “धुणं नाही, उखळ नाही, शब्दसुद्धा नाही. आत्ता तुम्ही जे म्हणालात ना, बाप म्हणायचा म्हणून, तेही नाही.”

दस्तगीरचाचा दिवसभरात पहिल्यांदा हसले. सगळ्या सुरकुत्यांनी हसले.

“बस,” ते म्हणाले आणि पायाने पाट पुढे सरकवला.

“वेळ नाही. तालमीत जायचंय.”

“तशीच?”

तिने हातांकडे पाहिले. कोपरापर्यंत काळे पीठ घामात भिजून वाळले होते, नखांत शिशाची काजळी होती. चाचांनी पितळी घंगाळ तिच्यापुढे ठेवले आणि तांब्याने धार धरली. ती घाईघाईने हात धुऊ लागली. ओट्यावर पहिले वाक्य कुठले बोलायचे, ते ती मनात जुळवत होती. पाणी राखाडी झाले, मग काळे.

हात कोरडे करून तिने सवयीने घंगाळ उचलले आणि दाराबाहेर, रस्त्याच्या खडीवर, ते रिकामे करायला वळली.

चाचांनी तिचे मनगट धरले.

“जा तू, उशीर होईल… पाणी इथंच ठेव, काथवटीत ओततो.”